वरचा पापुद्रा

डेन्व्हर शहरात माझ्या भाच्याचे जे घर आहे, त्याच्या मोटारखान्यात मोटार कधीच नसते. ती बिचारी ऐन हिवाळ्यात अंगावर बर्फ झेलीत रस्त्यावर उभी असते, आणि तिच्या हक्काच्या जागेत एक आठफुटी मेज, करवती, रंधे, राळेचे डबे, काचतंतूंच्या कापडाचे तागे आणि कोणा शेजाऱ्याने टाकून दिलेल्या फ्रीजच्या पोटातून काढलेला एक कॉम्प्रेसर, असा सारा सरंजाम सुखाने नांदत असतो. भाचा पेशाने संगणकाचा अभियंता. परंतु नोव्हेंबर उजाडून रॉकी पर्वताची शिखरे पांढरी दिसू लागली, की त्याच्या अंगात सुतार संचारतो, आणि बर्फावरून घसरत जाण्याची जी फळी, म्हणजे स्नोबोर्ड, बाजारात हवी तशी तयार मिळते, ती विकत न आणता आपल्या हातांनी घडविण्याच्या उद्योगाला तो लागतो. गेल्या हिवाळ्यात तीन आठवडे माझा मुक्काम त्याच्याकडे होता. मेजाच्या कोपऱ्याशी शाल पांघरून बसावे आणि अधूनमधून नको तेथे बोट घालावे, असा माझा जो नित्यक्रम तेथे पडला, त्यातून या फळीच्या सर्वांत वरच्या, सर्वांत पातळ आणि दिसायला निव्वळ शोभेच्या अशा थराविषयी मला जे कळले, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम त्या फळीची कुळकथा सांगितली पाहिजे. वरवर पाहणाऱ्यास स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही टोकांना वर वळलेला, दीडेक मीटर लांबीचा पाट वाटेल. वस्तुतः तो पाट नसून चिरोटा आहे. सर्वांत खाली, बर्फाशी ज्याची गाठ पडते तो पॉलिएथिलीनचा गुळगुळीत तळ. त्याच्या कडांना पोलादी पट्टीची किनार, जी बर्फात रुतून वळण घेऊ देते. पोलादाच्या पाठीवर रबराची बारीक फीत. त्यावर राळेत भिजविलेले काचतंतूंचे कापड. त्यावर पॉप्लर, अ‍ॅश अथवा बांबू यांच्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी सांधून केलेला आणि मध्यभागी सात-आठ मिलिमीटर जाडीचा असून टोकांकडे दोन मिलिमीटरपर्यंत उतरत गेलेला लाकडी गाभा. पुन्हा एकवार काचतंतूंचे कापड. आणि या साऱ्यावर नायलॉनचा किंवा तत्सम प्लास्टिकचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा एक तकतकीत पापुद्रा, ज्याला त्या धंद्यातले लोक टॉपशीट म्हणतात. चिरोट्याचे पदर तळणीत सुटावेत यात सुगरणीची कीर्ती असते. येथे मात्र एक पदर जरी सुटला तरी कारागिराची नाचक्की होते, आणि ती डोंगराच्या उतारावर, चारचौघांदेखत होते.

टॉपशीटवरची रंगीबेरंगी चित्रे पाहून सामान्य माणसाचा असा ग्रह होतो की, हा थर म्हणजे घराला दिलेला रंग, आणि तो नसला तरी घराचे काही बिघडत नाही. ताकदीपुरते पाहिले तर यात तथ्य आहे. कारण फळी वाकते तेव्हा ताण आणि दाब सोसण्याचे काम गाभ्याच्या दोन्ही अंगांना बसलेले काचतंतू करतात, आणि त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचे काम लाकूड करते. परंतु लाकूड पाण्याला भिते, इपॉक्सी राळ सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पिवळी पडून ठिसूळ होते, आणि तीन हजार मीटर उंचीवर, बर्फाच्या आरशात, ऊन जे तळपते त्याची कल्पना आपल्याला वैशाखातही यावयाची नाही. शिवाय बुटांचे घाव, दुसऱ्याच्या फळीच्या पोलादी कडांचे ओरखडे, वितळून पुन्हा गोठणारे पाणी, या साऱ्यांचा बंदोबस्त त्या अर्ध्या मिलिमीटरने करावयाचा असतो. तेव्हा हे आवरण शोभेचे असले तरी त्याची नेमणूक पहारेकऱ्याची आहे.

घरी फळ्या करण्याची ही हौस त्या खेळाइतकीच जुनी आहे. किंबहुना तो खेळच घरगुती उद्योगातून निघाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन नावाच्या गावी, १९६५ सालच्या नाताळच्या दिवशी, शर्मन पॉपेन नावाच्या अभियंत्याने मुलींना रमविण्यासाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली, आणि त्याच्या पत्नीने तिला ‘स्नर्फर’ असे नाव दिले. त्या खेळण्याला टॉपशीट वगैरे काही नव्हते. पाय निसटू नयेत म्हणून वरच्या अंगाला धातूच्या पिना ठोकल्या की काम भागे. पुढे १९७७ साली जेक बर्टन याने व्हरमाँट राज्यात या फळ्यांचा कारखाना काढला, आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये बसला.

परंतु थरावर थर डकवून घसरफळी करण्याच्या विद्येचा खरा आद्य पुरुष याच्याही आधीचा. हॉवर्ड हेड हा बाल्टिमोर येथील विमानाच्या कारखान्यातील अभियंता. दुसरे महायुद्ध संपल्यावर तो व्हरमाँटमधील स्टो येथे स्की खेळावयास गेला, लाकडी स्कीवर सपशेल आपटला, आणि दोष आपला नसून लाकडाचा आहे असा, खेळाडूला शोभणारा, निष्कर्ष काढून परतला. विमानात वापरतात तसे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे आणि मध्ये हलका गाभा अशी त्याची योजना. चिकटविण्यासाठी उष्णता आणि दाब दोन्ही हवीत, आणि यंत्र तर परवडत नाही. म्हणून त्याने ती चळत रबरी पिशवीत घातली, आतली हवा उपसली, आणि मोटारींतून काढलेल्या जुन्या काळ्या तेलाच्या टाकीत बुडवून ती तापविली. असल्या पहिल्या सहा जोड्या स्टो येथील शिक्षकांनी त्याच्या डोळ्यांदेखत मोडून दाखविल्या. त्याने पुन्हा केल्या, त्या पुन्हा मोडल्या. आणि असे होता होता तीनेक वर्षांनी जी स्की टिकली, तिच्या धातूवर काळ्या प्लास्टिकचे आवरण होते. पिशवीतून हवा उपसण्याची त्याची ती युक्ती आजही कित्येक हौशी कारागिरांच्या मोटारखान्यांत नांदते आहे.

आता वरचा पापुद्रा डकवावयाचा म्हणजे काय, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने प्रथम आपल्या आळीतील सुताराला टेबलावर सनमायका बसविताना पाहावे. (या सनमायक्यात अभ्रक मुळीच नसते. १९१२ साली अमेरिकेत ज्या दोघा अभियंत्यांनी हा जिन्नस प्रथम काढला त्यांना विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरावयाचे निरोधक हवे होते, म्हणून त्यांनी ‘अभ्रकाऐवजी’ अशा अर्थाचे फॉर्मायका हे नाव ठेवले, आणि ती अभ्रकाची शेपटी आपल्याकडे येईपर्यंत गळून पडली नाही.) तो सुतार प्लायवूड घासतो, फुंकर मारतो, फडक्याने पुसतो, पुन्हा घासतो, सनमायक्याची पाठही खरवडून घेतो, आणि मग एका कडेपासून तो पत्रा हळूहळू टेकवीत, मधून कडेकडे तळहात दाबीत जातो. त्याच्या या कामात फेविकॉल लावण्याला पाच मिनिटे लागतात आणि घासण्यापुसण्याला अर्धा तास. माझ्या भाच्याने मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलेला सिद्धान्त हाच होता; फक्त त्याचे प्रमाण अधिक कठोर होते, कारण सनमायक्याला टेबलावर बसून राहावयाचे असते, आणि टॉपशीटला उणे वीस अंशांच्या थंडीत हजारो वेळा वाकावयाचे असते.

प्लास्टिक मुळातच चिकटवून घ्यावयास नाखूष असते. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, गोळी होऊन घरंगळते, तसेच राळेचे या पृष्ठभागांवर होते. पसरण्याऐवजी ती आपल्यातच आक्रसून बसते, आणि जी पसरत नाही ती धरीतही नाही. म्हणून टॉपशीटची जी बाजू खाली जावयाची, ती आधी बारीक पॉलिशपेपरने अशी घासतात की तिची चकाकी संपूर्ण जाऊन ती राखेसारखी फिकी दिसावी. नंतर ती स्पिरिटने पुसतात, आणि पुसताना फडके एकाच दिशेने नेऊन लगेच दुसरे घेतात, नाहीतर निघालेला तेलकटपणा पुन्हा तेथेच पसरतो. काही प्लास्टिकांना एवढ्यानेही शहाणपण येत नाही. त्यांच्यावरून गॅसच्या निळ्या ज्योतीचा हात भराभर फिरवावा लागतो. ज्योत थबकली की पत्रा वितळतो, पण झरझर नेली तर वरच्या रेणूंशी प्राणवायूचा संयोग होऊन पृष्ठभाग राळेला ओळख देऊ लागतो. मग परीक्षा घ्यावयाची ती पाण्याने. पत्रा तिरका धरून त्यावर ओंजळभर पाणी सोडावे. ते अखंड पातळ पडद्यासारखे पसरून राहिले तर काम झाले, आणि कोठे त्याचे थेंब फुटून अळवावरच्यासारखे जमले तर तेवढी जागा अजून तेलकट आहे असे समजून पुन्हा पॉलिशपेपर हाती घ्यावा. भाच्याने ही परीक्षा तीन वेळा घेतली. तिसऱ्या वेळी सगळा पत्रा पसंत पडला, तो पुरता वाळविला, आणि त्याची पाठ वळताच मी, तो पृष्ठभाग किती मऊ लागतो हे पाहावे एवढ्याच निर्मळ हेतूने, त्यावर अंगठा फिरविला.

“मामा, बोट लावू नका!” असे तो ओरडला खरा, पण तोवर व्हायचे ते झाले होते. माझ्या अंगठ्याला सकाळी चोळलेल्या खोबरेल तेलाचा अंश होता. घासणे, पुसणे, पाणी, वाळविणे हा सगळा जाबता त्या कोपऱ्यापुरता पुन्हा पहिल्यापासून झाला, आणि मला मेजापासून तीन फुटांची हद्द आखून देण्यात आली.

या पत्र्यावर चित्र कसे येते, हेही थोडक्यात सांगतो. चित्र वरून छापले तर एका हंगामात खरवडून जाईल. म्हणून नायलॉन पारदर्शक घेऊन ते खालच्या अंगाने छापतात, जुनी काचचित्रे काचेच्या मागून काढलेली असत त्याप्रमाणे, आणि म्हणून अक्षरे उलटी छापावी लागतात. शाई ही विशेष प्रकारची असते: तापविली की ती वितळत नाही, कापराप्रमाणे घनरूपातून थेट वायुरूप होते आणि प्लास्टिकच्या अंगात शिरून तेथेच थिजते. हे काम घरच्या इस्त्रीने होत नसल्यामुळे बहुतेक हौशी मंडळी ते बाहेरून करून आणतात, किंवा मग छपाईचा नाद सोडून पत्र्याखाली कापडच घालतात.

भाच्याने कापडाचा मार्ग धरला, आणि त्यातून घरात एक छोटासा पेच उद्भवला. माझ्या बहिणीने सुनेच्या चोळ्यांसाठी गुळेदगुड्डचे चार खण पाठविले होते. त्यांतला एक जांभळा, हिरव्या काठाचा, याच्या डोळ्यांत भरला. राळ प्यालेले कापड वाळल्यावर कसे दिसते हे ठाऊक नसल्यामुळे त्याने सुदैवाने आधी बोटभर तुकडा प्लायवूडवर बसवून पाहिला, आणि जो परिणाम झाला तो पाहण्यासारखा होता. कोरड्या खणाचा तो तजेलदार जांभळा रंग भिजलेल्या वांग्यासारखा काळपट झाला, धाग्यांच्या मधून प्लायवूडच्या रेषा स्पष्ट दिसू लागल्या, आणि ठिपके तर नाहीसेच झाले. कारण असे की, धाग्यांच्या फटींत हवा असते तोवर प्रकाश जागोजागी विखुरतो आणि कापड अपारदर्शक भासते. त्या फटी राळेने भरल्या की प्रकाश सरळ आरपार जातो, ओल्या पांढऱ्या सदऱ्यातून अंग दिसते तसा. यावर तोड म्हणून खालच्या राळेत पांढरे रंगद्रव्य कालवावे लागते, म्हणजे कापडाच्या पाठीशी एक पांढरी भिंत उभी राहते आणि रंग पुन्हा जिवंत होतो. दुसऱ्या तुकड्यावर ही तोड लागू पडली. तोपर्यंत नाशिकला बहिणीकडे फोन झाला होता.

“अरे, खण ओटीत घालतात,” ताई म्हणाली, “पायाखाली नाही.”

या आक्षेपाला राळेच्या रसायनशास्त्रात उत्तर नव्हते. अर्धा तास वाटाघाटी होऊन शेवटी असा तह ठरला की, फळीवर दोन पाय जेथे बांधले जातात तो मधला भाग साध्या काळ्या कापडाचा असावा, आणि खण फक्त पुढच्या टोकाशी, जेथे पाय पोचत नाहीत तेथे, वीतभर असावा. या तहामुळे दोन कापडांचा एक सांधा वाढला. सांध्यापाशी जाडी बदलते आणि जाडी बदलली की हवा लपून राहावयास जागा मिळते; परंतु मातृआज्ञा ही मोजमापाच्या पलीकडची बाब असल्यामुळे अभियंत्याने ती निमूटपणे आराखड्यात समाविष्ट केली.

राळेविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळांची कामे येथेच फसतात. इपॉक्सी हा आपल्या परिचयाचाच पदार्थ आहे. दोन नळ्यांतून पिळून काडीने एकत्र कालवावयाचे अ‍ॅराल्डाइट, जे १९४६ साली स्वित्झर्लंडमधून बाजारात आले, ते याच कुळातले. राळ आणि हार्डनर या दोन द्रव्यांचे रेणू एकमेकांत गुंफून एक अखंड जाळे तयार होते, आणि म्हणून प्रमाण चुकवून चालत नाही. शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम हार्डनर म्हटला असेल, तर तो तीसच हवा. ‘लवकर वाळावे म्हणून दोन थेंब जास्त’ हा न्याय येथे लागू नाही, कारण जास्तीच्या रेणूंना जोडीदार मिळत नाहीत आणि ते जाळ्यात मऊ गाठोडी होऊन राहतात. भाचा सोनाराच्या तराजूची आठवण व्हावी अशा काट्यावर ते तोलतो. कालवलेली राळ भांड्यात ठेवून गप्पा मारत बसणे हेही धोक्याचे; तिची स्वतःची ऊब तिलाच तापवीत जाते, आणि अर्ध्या तासात भांडे धुमसू लागते. म्हणून ती लगोलग पसरट ताटात ओतावी. आणि हातमोजे घालावेत. हा कच्चा पदार्थ अंगाला वारंवार लागला तर एके दिवशी त्याची जी अ‍ॅलर्जी जडते, ती बहुधा जन्माची सोबत करते. भाच्याचा एक मित्र, ज्याच्याकडून तो ही विद्या शिकला, आज त्याच्या मोटारखान्याच्या दाराशीसुद्धा उभा राहू शकत नाही.

प्रत्यक्ष आवरण घालण्याचा प्रसंग एका शनिवारी रात्री आला. तळापासून वरच्या काचकापडापर्यंतची चळत, बाकदार साच्यावर, ओलीचिंब तयार होती. आता येथे एक पेच आहे, आणि या विद्येचे सगळे मर्म त्यात आहे. काचकापडावर जादा राळ पडली तर ती कापडातून वर येते आणि पुसून घेता येते. परंतु त्यावर नायलॉन घातले की वरची वाट बंद होते, आणि मग खालची राळ काय, हवा काय, दोघींना बाहेर पडावयास कडेखेरीज दार उरत नाही. राळ कमी पडली तर कोरडे डाग राहतात, जास्त झाली तर दाब येताच सगळा पत्रा तिच्यावर होडीसारखा तरंगून बाजूला सरकतो. भाच्याने खण आधी खालून राळ पाजून बसविला, कारण वरून ओतली तर धाग्यांतली हवा तळाशी कोंडते. मग पत्र्याचे एक टोक चिकटपट्टीने जागच्या जागी बांधले. दुसरे टोक माझ्या हाती, अर्थात हातमोज्यांसह, दिले. आणि मी ते उंच धरून इंचाइंचाने खाली सोडीत असता तो मधल्या रेषेवरून दोन्ही कडांकडे रबरी पट्टी ओढीत आला. पट्टीच्या पुढे हवेचे बारीक बुडबुडे, पागोळीखालच्या पाण्यात दिसावेत तसे, पळताना दिसत होते. कडेशी पोचले की फुटून नाहीसे होत. खणाच्या सांध्यापाशी मात्र दोन बुडबुडे अडून बसले, आणि त्यांना अंगठ्याने रेटीत रेटीत बाहेर काढण्यात सात-आठ मिनिटे गेली.

नंतर ती सगळी चळत प्लास्टिकच्या पिशवीत गेली, आणि फ्रीजच्या कॉम्प्रेसरने उलटी नोकरी सुरू केली. पिशवीतली हवा जसजशी निघते तसतशी पिशवी फळीला घट्ट लपेटते. आणि मग दाब देतो तो पंप नव्हे, बाहेरचे वातावरण. समुद्रसपाटीवर हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. फळीचा विस्तार ३,९०० चौरस सेंटीमीटरांच्या आसपास धरला, तर मुंबईत हेच काम करणाऱ्याच्या फळीवर चार टनांचा भार पडला असता. डेन्व्हर पडले १,६०० मीटर उंचीवर. तेथे हवाच विरळ, तेव्हा पंप कितीही उत्तम असला तरी सव्वातीन टनांवर मजल जात नाही, आणि फ्रीजचा म्हातारा पंप तीनच्या पुढे हटून बसतो. कारखान्यातली यंत्रे याच्या तिप्पट-चौपट दाब देतात. काही हौशी लोक दोन लोखंडी तुळयांमध्ये अग्निशामक दलाच्या जुन्या कापडी नळ्या घालून, त्या फुगवून, तसला दाब घरीही मिळवितात. पण तेवढी जागा आणि तेवढे लोखंड आमच्याकडे नव्हते.

रात्री साडेअकराला पंपाच्या दाबमापकाच्या काट्याने खाली येण्यास सुरुवात केली. पिशवी कोठेतरी गळत होती. दिवे मालवून, कॉम्प्रेसर बंद करून, आम्ही दोघे मामाभाचे पिशवीच्या चारी कडांना कान लावून, गारठलेल्या फरशीवर रांगत होतो. आणि अखेर खणाच्या टोकाकडच्याच कोपऱ्यात, मांजराच्या श्वासाइतकी बारीक शीळ माझ्या कानाला लागली. चिकट लांबीची गोळी दाबताच ती थांबली. माझ्या अंगठ्याचे पाप त्या कानाने फेडले असे मी मानतो.

बाहेर उणे नऊ अंश होते, आणि थंडीत ही राळ आळतच नाही. म्हणून फळीवर विजेची रजई आणि वर दोन दुलया घातल्या, आणि ती दुखणेकऱ्यासारखी पडून राहिली. तर मग चांगली ऐंशी अंशांपर्यंत तापवून तासाभरात काम का संपवू नये? कारखानदार तसेच करतात, परंतु त्याला एक किंमत आहे. उष्णतेने नायलॉन लाकडाच्या कित्येक पट पसरते. ऐंशी अंशांना चिकटलेली फळी वीस अंशांवर आली, की दीड मीटर लांबीचे मोकळे नायलॉन आठेक मिलिमीटर आखडले असते, आणि लाकूड अर्धा मिलिमीटरही नाही. पण आता दोघे एकमेकांना बांधलेले. आखडणारा पत्रा टोकांना वर ओढतो, खालचे पॉलिएथिलीन त्याच्याहूनही जास्त आखडून खाली ओढते, आणि या ओढाताणीत फळीचा जो बाक साच्याने ठरविला होता तो भलताच निघतो. कारखान्यात हे हिशेब अनुभवाने बसविलेले असतात. घरी करणाऱ्याने कमी उष्णता आणि अधिक वेळ हा सौदा करावा, हे माझे नव्हे, दोन वाकड्या फळ्या भिंतीला टांगून ठेवणाऱ्या माझ्या भाच्याचे मत आहे. मात्र इतक्या थंडपणे आळलेली राळ उन्हात उभ्या मोटारीच्या टपावर पुन्हा मऊ पडू शकते, आणि काळ्या पत्र्याखाली तर फोडच येतात. म्हणून पिशवीतून काढल्यावर तिला पन्नासेक अंशांच्या उबेत आणखी काही तास ठेवावे लागते.

सोमवारी पहाटे पिशवी कापली. करवतीने पोलादी किनारीच्या बाहेरची राळ, काच आणि नायलॉन यांची झालर काढली, आणि मग, ज्याची मला अपेक्षा नव्हती, ते काम सर्वांत सावकाश झाले: टॉपशीटची कड कानशीने घासून उतरती करण्याचे. काटकोनी कड राहिली तर पहिल्याच टकरीत तिच्याखाली काहीतरी शिरते आणि पापुद्रा उचकटतो; उतरती केली तर घाव निसटून जातो. एवढे झाल्यावर नायलॉनवरची पातळ संरक्षक फिल्म, जी आरंभापासून तशीच ठेवली होती, ती सोलून काढली. खाली खण होता; जांभळा, ठिपक्यांसकट, काठासकट. डोळे मिटून हात फिरविला तर सांध्यापाशी केसाइतकी एक रेघ बोटांना लागत होती. दोन इंचांवर मसुराएवढा एक बुडबुडाही राहून गेला होता, जो भाच्याने मला दाखविला नाही आणि मी पाहिला हे मीही त्याला सांगितले नाही.

मी परत आलो. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांच्या रांगेत मागच्या माणसाच्या फळीची पोलादी कड बसून याच्या टॉपशीटचा, शेपटीकडे, दोन बोटे रुंद टवका उडाला होता. त्याने ती जागा रात्रभर वाळविली, अ‍ॅराल्डाइट भरले, मेणकागद ठेवून शिकंजा आवळला, आणि दुसऱ्या दिवशी घासून सारखी केली. खण शाबूत आहे, हे त्याने आईला आधी कळविले आणि मला नंतर.